२०२४ च्या नव्या वाइन : गुण वेगळे, पैसा वसूल वेगळा

गोदाकाठची (धागाकर्ती) :

नवरात्र संपता संपता २०२४ च्या (म्हणजे त्या साली तोडलेल्या द्राक्षांच्या) पांढऱ्या आणि रोझे, म्हणजे गुलाबी, वाइन दुकानांत सगळीकडे दिसायला लागल्या. लाल अर्थातच मागच्या, २०२२ आणि २०२३ च्या. दर वर्षी या सुमारास इथे कोणीतरी विचारतं, "पाहुणे येणार आहेत, कुठली घेऊ?" आणि खाली दहा जण दहा नावं सांगून मोकळे होतात. प्यायली कधी, किती गार, कशाबरोबर, केवढ्याला, काही पत्ता नाही. म्हणून आम्ही काही जण नाशिकला एका मैत्रिणीच्या घरी बसलो, बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळल्या आणि रीतसर गुण दिले.

पद्धत आधी सांगते, कारण त्यावरूनच भांडण होणार आहे. बाटल्या गुंडाळल्या आणि ओतल्या मैत्रिणीच्या नवऱ्याने. तो स्वतः पीत नाही, त्यामुळे चेहऱ्यावरून काही कळायची सोय नव्हती. आधी कागदावर लिहायचं, मग तोंड उघडायचं. "वा!" म्हणायलाही बंदी, कारण पहिल्याने वा म्हटलं की बाकीच्यांचे गुण आपोआप वाढतात. पांढऱ्या १० अंशांच्या आसपास गार. लाल बाटल्या अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवून मग बाहेर काढल्या. लाल वाइन 'रूम टेंपरेचर'ला प्यावी हे खरं, पण ती रूम फ्रान्समधली, १६ ते १८ अंशांची. ऑक्टोबरात आपल्याकडच्या खोलीत लाल वाइन ओतली की आधी नाकात स्पिरिट जातं आणि फळ मागे राहतं.

एकूण गुण २०. रंगरूप २, वास ६, चव ८, आणि घोट गिळल्यावर चव किती टिकते त्याला ४. किंमत या गुणांत नाही. सगळे कागद जमा झाल्यावर किमती सांगितल्या आणि मग दुसरा शेरा मागितला. त्याला तीनच पर्याय : "माझ्या पैशाने पुन्हा घेईन", "कोणी दिली तर पिईन", "कोणाला तरी भेट देऊन टाकीन".

कंपन्यांची नावं धाग्यात देत नाही. मागच्या खेपेला कंपन्यांच्या चाहत्यांची जी मारामारी झाली ती संपादक मंडळ विसरलेलं नाही. नावं हवी असतील तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

आता बाटल्या.

सगळ्यात आनंद दिला तो शेनिन ब्लाँ या पांढऱ्या द्राक्षाच्या वाइनने. दोन होत्या, दोन्ही २०२४, दोन्ही दिंडोरीकडच्या, किंमत ७०० ते ९०० च्या मधली. पहिली आपली नेहमीची, जिभेला जराशी गोड लागणारी. वासाला पिकलेला पेरू आणि थोडं अननस. हिला १४. साबुदाणा वड्याबरोबर हिने अक्षरशः ताट पुसलं. दुसरी कोरडी, म्हणजे साखर जवळजवळ संपवलेली. वास सुरुवातीला बंद होता, दहा मिनिटांनी उघडला. मोसंबीची साल, कच्चं सफरचंद आणि शेवटी हलका कडवटपणा, जो मला फार आवडला. १६. पुन्हा घेईन, आणि नुसती बाटली नाही, खोकं घेईन. भारतात शेनिन गोडसर ठेवायची जुनी सवय आहे, कारण नवख्याला ती लगेच आवडते. पण हीच वेल कोरडी केली की काय देते ते या बाटलीत दिसलं.

सॉव्हिन्यों ब्लाँ, हीही पांढरी, २०२४, हजाराच्या आसपास. हिरवी ढोबळी मिरची, पॅशनफ्रूट, आंबटपणा छान ताठ. १५.५. सुरमईच्या तुकडीबरोबर एक नंबर. हजाराला घेईन का? घेईन, पण शेनिननंतर.

रोझे दोन होत्या. रंग बघून सगळे हरखले आणि तिथेच संपलं. एक पाणचट, एक गोड. १२ आणि ११.५. पुढे.

आता लाल. इथे धाग्याचं शीर्षक कामाला येतं. लेबलवर मोठ्या अक्षरांत 'रिझर्व्ह' लिहिलेली २०२२ ची एक शिराझ (हे लाल वाइनचं द्राक्ष) होती, पंधराशेच्या वर. नाक जवळ नेलं की व्हॅनिला, भाजलेलं खोबरं, कॉफी. काही जणांनी १७ दिले. मी १३ दिले, कारण व्हॅनिला आणि खोबरं वाइन मुरवायच्या लाकडी पिंपाचं आहे, द्राक्ष कुठे आहे ते मला शेवटपर्यंत सापडलं नाही. तिच्याच शेजारी साधी, लाकूड न लावलेली २०२३ ची शिराझ, आठशेच्या घरातली. जांभूळ, मिरी, किंचित धूर. १५.

आणि गंमत इथेच आहे. ही साधी शिराझ ओतणाऱ्याने गुपचूप दोनदा ओतली होती. एकदा सगळ्या लाल वाइनच्या आधी आणि एकदा त्या लाकडी रिझर्व्हनंतर. पहिल्या वेळी तिची सरासरी १५ आली, दुसऱ्या वेळी १२.५. बाटली तीच, ग्लास तसाच, माणसंही तीच. रिझर्व्हचा भारदस्त घोट जिभेवर असताना ती पातळ वाटली, इतकंच. तेव्हा वर दिलेले आकडे या हिशेबाने वाचा. दीड-दोन गुणांचा फरक म्हणजे फरक नाही असं समजायला हरकत नाही.

---

तुरटगोड :

मी त्या १७ वाल्यांपैकी एक. :) ताई, लाकूड म्हणजे फसवणूक असा सूर लावू नका. चांगल्या शिराझला पिंपाने खरंच आकार येतो, तुरटपणा मऊ होतो, शेवट लांबतो. माझा आक्षेप किमतीला आहे, आणि तिथे हिशेब मांडता येतो. फ्रेंच ओकच्या लाकडाचं नवं पिंप २२५ लिटरचं, म्हणजे बरोबर ३०० बाटल्या. पिंप आयात करून ऐंशी हजाराला पडलं असं धरा. एकदाच वापरलं तर बाटलीमागे २६०-२७० रुपये. प्रत्यक्षात ते तीन-चार हंगाम वापरतात, म्हणजे सरासरी शंभराच्या आतच. वर्षभर माल अडकला त्याचं व्याज आणि बाष्पीभवनात जाणारा वाटा धरला तरी साध्या आणि रिझर्व्हमधला सात-आठशेचा फरक एकट्या लाकडाने भरून निघत नाही. बाकीचे पैसे जाड काचेच्या जड बाटलीचे आणि सोनेरी अक्षरांचे.

आणि पिंपाऐवजी ओकच्या चिपा टाकून तसाच वास आणता येतो. ते अतिशय स्वस्त पडतं. लेबलवर 'ओक' लिहिलंय आणि 'बॅरल' लिहिलेलं नाही, तर तेवढं लक्षात ठेवा.

---

खडूस_काका :

वाचून करमणूक झाली. २००१ साली फ्रान्समधल्या बोर्दोच्या संशोधकांनी वाइनचं शिक्षण घेणाऱ्या ५४ जणांना पांढरी वाइन दिली, त्यात वास नसलेला लाल रंग घालून. या मंडळींनी तिच्यात लाल वाइनमधली फळं शोधून काढली. पेरू, मोसंबीची साल, धूर... चालू द्या. मी आपला कोकम सरबत पितो, तिथे सालाची भानगड नाही.

---

गोदाकाठची :

काका, तो प्रयोग मलाही आवडतो, पण त्यातून तुम्ही काढताय तो निष्कर्ष निघत नाही. त्यांना वासाचं वर्णन करायला सांगितलं होतं, दर्जा ठरवायला नाही. डोळ्यांनी नाकाला फसवलं हे सिद्ध झालं, नाक निकामी आहे हे नाही. उलट त्यावरून बाटली गुंडाळून भागत नाही, खरं तर काळे ग्लास हवेत, असं म्हणता येईल. आमच्या दोन रोझेंना रंगाचे पैकीच्या पैकी मिळाले होते, हे मुद्दाम सांगते.

कोकम सरबतही दोन दुकानांतलं झाकून प्या. कुठलं खऱ्या आमसुलाचं ते तुम्ही बरोबर सांगाल.

---

लिव्हरमोरची_मावशी :

गोदाकाठची, अगं ती दोनदा ओतायची युक्ती ऐकून मला आमच्याकडची गोष्ट आठवली. कॅलिफोर्निया स्टेट फेअरची वाइन स्पर्धा इथे मानाची. रॉबर्ट हॉजसन नावाचे निवृत्त प्राध्यापक, स्वतःची छोटी वाइनरी चालवणारे. आपल्याच वाइनला एका स्पर्धेत सुवर्ण आणि दुसरीकडे काहीच नाही, हे कसं, म्हणून ते मागे लागले. २००५ पासून त्यांनी याच स्पर्धेच्या परीक्षकांपुढे तीस ग्लासांत एकाच बाटलीतले तीन ग्लास मिसळून ठेवायला सुरुवात केली. २००८ साली निष्कर्ष छापले. साधारण दहात एक परीक्षक तिन्ही वेळा एकाच पदकाच्या पट्ट्यात राहिला. आणि जवळपास तेवढेच असे निघाले की त्यांनी त्याच वाइनला एकदा कांस्य आणि एकदा सुवर्ण दिलं. हे सगळे नावाजलेल्या स्पर्धेचे परीक्षक, हं! तुमचा अडीच गुणांचा फरक त्यापुढे काहीच नाही.

आणि याच स्पर्धेत २००७ साली कॅलिफोर्नियातली सर्वोत्तम शार्डने (ही पांढरी वाइन) म्हणून डबल गोल्ड कोणाला मिळालं? चार्ल्स शॉ. ट्रेडर जोज या इथल्या दुकानांच्या साखळीत दोन डॉलरला मिळायची म्हणून तिला 'टू बक चक' म्हणतात, ती. मी तेव्हा खोकंभर आणली होती. वाईट नव्हती. दोन डॉलरला तर अजिबात नव्हती.

---

निफाडकर :

बागाईतदार आहे, थोडं शेतातून बोलतो.

२०२४ च्या वाइनबद्दल बोलताना २०२३ चा नोव्हेंबर विसरू नका. महिनाअखेरीला अवकाळी आणि गारपीट झाली, निफाड भागात बागांचं फार नुकसान झालं. कोणाची बाग फुलोऱ्यात होती, कोणाच्या मण्यात पाणी भरत होतं. जिथे छाटणी उशिरा होती तिथे निभावलं. म्हणून एकाच तालुक्यातल्या, एकाच वर्षाच्या दोन बाटल्यांत जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो. नुसतं '२०२४ चांगलं' किंवा 'वाईट' असं कोणी म्हणालं तर त्याला छाटणीची तारीख विचारा.

आपल्याकडे वेलीला हिवाळी झोप नाही. एप्रिलला खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरला फळछाटणी, आणि माल तयार होतो जानेवारी ते मार्च. पांढरी द्राक्षं आधी, जानेवारीच्या थंडीत उतरतात. लाल वाल्यांना थांबावं लागतं आणि तोवर मार्चचं ऊन लागतं. उन्हाने साखर भराभर चढते, पण साल आणि बी त्या वेगाने पिकत नाही. साखरेवर तोडलं तर वाइन हिरवट तुरट, थांबलं तर अल्कोहोल वर आणि आंबटपणा खाली. पांढऱ्याला गुण जास्त पडतात त्याचं कारण बरंचसं इथे आहे. वाइनरीवाले पहाटे तोडणी करतात, माल थेट शीतगृहात नेतात, पण मार्च तो मार्च.

किमतीबद्दल. एका बाटलीला किलोपेक्षा थोडी जास्त द्राक्षं लागतात. वाइनच्या द्राक्षाचं एकरी उत्पादन मुद्दाम कमी ठेवतात, खायच्या द्राक्षाच्या निम्म्याच्या आसपास. म्हणून भाव परवडायला हवा. तरीही हजाराच्या बाटलीत शेतकऱ्याचा वाटा फार मोठा नसतो. बाटली, झाकण, लेबल, वितरक, दुकानदार आणि कर, यात सगळं जातं. तेव्हा 'महाग म्हणजे द्राक्ष भारी' हे डोक्यातून काढा.

---

गोदाकाठची :

निफाडकर दादा, या प्रतिसादासाठी धागा काढल्याचं सार्थक झालं. छाटणीची तारीख लेबलवर छापायला सांगायला हवी. :)

---

सोलापुरी_चादर :

नाशिक, नाशिक, नाशिक! अहो, आमच्या अकलूजला विसरलात होय? फ्रातेल्ली ही वाइन कंपनी इकडचीच. इटलीतल्या तोस्कानाचे सेच्ची बंधू, दिल्लीचे सेखरी बंधू आणि अकलूजचे मोहिते-पाटील, तीन घरच्या भावांनी मिळून काढली म्हणून नाव फ्रातेल्ली, इटालियनमध्ये 'भाऊ'. वाइन करायला पिएरो मासी नावाचा इटालियन माणूस आणला. सांजोव्हेसे ही तोस्कानाची द्राक्षं आमच्या माळरानावर लावली. लोक हसले होते. आता त्यांची सेत्ते नावाची लाल वाइन मोठ्या हॉटेलांत यादीवर असते.

ताई, पुढच्या खेपेला सांजोव्हेसे ठेवा. आंबटपणा चांगला असतो, त्यामुळे जेवणाबरोबर जमते. काळ्या मसाल्याच्या मटणाबरोबर प्यायलोय. तुमच्या त्या लाकडी शिराझने तिखटाबरोबर तोंडाची आग झाली असती.

---

शिकाऊ_सोमेलिए :

सोलापुरी_चादर यांच्याशी सहमत. तिखट आणि अल्कोहोल एकमेकांना चढवतात, आणि तुरट वाइन वर आली तर आणखी त्रास. हॉटेलात काम करताना पाहिलंय, लोक कोल्हापुरीबरोबर सगळ्यात जड लाल मागवतात आणि मग वाइनला नावं ठेवतात. तिखट जेवण असेल तर किंचित गोड शेनिन किंवा चांगली गार रोझे. धागाकर्तीने रोझेंना फारच झटपट निकालात काढलं असं वाटतं. रोझे नुसती पिऊन गुण द्यायची गोष्टच नाही, तिला ताट लागतं.

आणखी एक. तुमच्या २० पैकी ६ वासाला, ८ चवीला. मी असतो तर वासाला जास्त ठेवले असते. आपण ज्याला चव म्हणतो त्यातला बराचसा भाग नाकच सांगतं. जीभ गोड, आंबट, खारट, कडू, तुरट अशा मोजक्याच गोष्टी सांगून थांबते.

---

गोदाकाठची :

ताटाचं मान्य, म्हणून शेनिनसाठी साबुदाणा वडा होता. पण गुण देताना तोंडात फक्त पाव आणि पाणी, खाणं नंतर. नाहीतर वडे चांगले झाले म्हणून वाइनला १७ पडतात.

वासाला जास्त गुण दिले की लाकूडवाल्या वाइन आपोआप वर जातात, कारण त्या ग्लासाच्या बाहेरूनच हाका मारतात. मला घोट गिळल्यावर काय उरतं त्यात जास्त रस आहे. हा माझा पक्षपात, उघड सांगते.

---

अबोल_वाचक :

पहिल्यांदाच लिहितेय. घरी २०२० ची एक सॉव्हिन्यों ब्लाँ आहे, लग्नात भेट आलेली. कपाटात वर ठेवली आहे. जितकी जुनी तितकी चांगली असं ऐकलंय. अजून किती वर्षं ठेवू?

---

शिकाऊ_सोमेलिए :

ताई, आज रात्रीच उघडा! आपल्याकडच्या बहुतेक पांढऱ्या वाइन वर्ष-दोन वर्षांत प्यायच्या असतात. आणि कपाटाचा वरचा कप्पा म्हणजे घरातली सगळ्यात गरम जागा. ग्लासात ओतल्यावर रंग गडद पिवळा-तपकिरी दिसला आणि वासाला सोललेलं, काळं पडलेलं सफरचंद आलं तर ती गेली. अपाय काही होणार नाही, पण आनंदही होणार नाही. स्वयंपाकात वापरा.

जुनी होऊन सुधारणाऱ्या वाइन जगात थोड्याच. त्यांना आंबटपणा, तुरटपणा आणि गार अंधारी जागा, तिन्ही लागतं.

---

पार्लेकर :

साठवणीचा विषय निघालाच आहे तर. इथे बाटलीला २० पैकी किती यावर चर्चा चाललीय, पण दुकानात ती कशी ठेवली होती हे कोणी विचारत नाही. आमच्या भागातल्या एका दुकानात वाइन काचेच्या शोकेसमध्ये, वर पिवळे दिवे, दुपारी थेट ऊन. मे महिन्यात तिथून आणलेली लाल वाइन उघडली तर मनुके उकळल्यासारखा वास. बूच अर्धा सेंटिमीटर वर आलेलं होतं, ते घरी आल्यावर दिसलं. तेव्हापासून बाटली घेताना झाकणावर हात फिरवून बघतो. बुचाची असेल तर आडवी ठेवलीय का बघतो, आणि पुढची न घेता मागची, अंधारातली घेतो. स्क्रूच्या झाकणाची असली तर उत्तम. काही लोक अजून स्क्रूच्या बाटलीला नाक मुरडतात, ते का हे मला कळलेलं नाही.

---

तुरटगोड :

स्क्रूबाबत +१. बुचातून टीसीए नावाचं एक रसायन येतं. लिटरला काही नॅनोग्रॅम असलं तरी वाइनला ओल्या पुठ्ठ्याचा, बंद तळघराचा वास येतो. गंमत म्हणजे ते अगदी कमी असेल तर वासही येत नाही, फक्त फळ गायब होतं आणि वाइन मुकी वाटते. अशी बाटली आपण 'बेचव' म्हणून १० देतो आणि बिचाऱ्या वाइनरीला शिव्या घालतो. ताई, तुमच्या त्या पाणचट रोझेला बूच होतं का?

---

गोदाकाठची :

बूच होतं. आणि प्रश्न रास्त आहे. आता दुसरी बाटली आणून बघणं आलं.

---

ऐरोलीचा_राजू :

सगळं ठीक, पण आठशे-हजार म्हणजे 'स्वस्त'? माझ्यासारख्याला महिन्यातून एकदा परवडते. सुपरमार्केटात विकायचा निर्णय झाला होता ना, २०२२ साली? तसं झालं असतं तर स्पर्धेने किमती उतरल्या असत्या.

---

निफाडकर :

राजूभाऊ, निर्णय २७ जानेवारी २०२२ चा. त्यावर गदारोळ झाला, अण्णा हजारेंनी उपोषणाचा इशारा दिला, सरकारने हरकती मागवल्या आणि तो अमलात आलाच नाही. पण किमतीचं म्हणाल तर महाराष्ट्रात वाइनला आधीच सवलत आहे. २००१ च्या धोरणाने उत्पादन शुल्काची सूट दिली, आणि २० टक्के व्हॅटपैकी १६ टक्के राज्यातल्या द्राक्षांची वाइन करणाऱ्याला परत मिळतात. कर्नाटकातली बाटली इकडे आली की तिला हे लागू नाही, वर कर बसतो तो वेगळाच. म्हणून नंदी हिल्सची वाइन बेंगळुरूला एका भावात आणि ठाण्यात दुसऱ्या.

---

खडूस_काका :

सुपरमार्केटात दारू, हे तुम्हाला चालणार होतं? महाराष्ट्राचं मद्यराष्ट्र करायला निघालेत सगळे.

---

संपादक मंडळ :

धोरणाची चर्चा राजकारण विभागात करावी. या धाग्यावर चव, दर्जा आणि किंमत एवढंच. यानंतरचे अवांतर प्रतिसाद उडवले जातील.

---

पणजीकर :

वाचनखूण साठवली. गोव्यात 'पोर्ट' नावाने जी गोड लाल मिळते तिला या २० गुणांत कुठे बसवणार? पोर्तुगालातल्या दोउरो खोऱ्याच्या खऱ्या पोर्टशी तिचा संबंध फक्त नावापुरता. तिकडे आंबण अर्ध्यावर ब्रँडी घालून थांबवतात, म्हणून ती गोड आणि जड. आमची ती वेगळीच. पण नाताळात केकबरोबर आजही तीच लागते, आणि पैसा वसूल म्हणाल तर तुमच्या शेनिनला भारी.

---

गोदाकाठची :

पणजीकर, तिच्यासाठी वेगळा धागा काढा, मी नक्की येईन. नाताळच्या केकसकट.

व्यनिंना एकेक करून उत्तर देतेय, थोडा धीर धरा. बऱ्याच जणांनी एकच विचारलंय : एकच बाटली घ्यायची तर कुठली? कोरडी शेनिन. मागच्या लेबलवर 'ड्राय' (कोरडी) लिहिलंय का बघा आणि सगळ्यात नवं सालच घ्या. दुकानात दोन वर्षांपूर्वीची पडून असेल आणि दुकानदार सूट देत असेल, तरी घेऊ नका. लाल हवीच असेल तर लाकूड न लावलेली साधी शिराझ, अर्धा तास फ्रीजमध्ये. रिझर्व्हचे सात-आठशे वाचतात त्यात दुसरी बाटली येते.

---

तुरटगोड :

आणि ज्याला लाकूड आवडतं त्याने रिझर्व्ह घ्यावी, पण तासभर आधी उघडून जगमध्ये ओतून ठेवावी. खोबरं मागे सरतं, शिराझ पुढे येते. पुढच्या वेळी ओतणाऱ्या भावोजींना एवढं सांगा, मग तुमचे १३ चे १५ होतात की नाही बघू. पैज लावतो.

---

गोदाकाठची :

पैज मंजूर. जानेवारीत फक्त लाल, सगळ्या झाकून, जग वापरलेली आणि न वापरलेली अशी एकच रिझर्व्ह दोनदा. बाटलीमागे मर्यादा १२०० ठेवतेय, ती रिझर्व्ह तेवढी अपवाद, तिचे पैसे पैज हरणाऱ्याचे. सांजोव्हेसे कोण आणतंय?

---

सोलापुरी_चादर :

मी. दोन आणतो, एक गुणांची आणि एक जेवणाची. मटणाचं तुम्ही बघा.